डोक्यात अडकलेलं गाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज सकाळी सात-दहाच्या सुमारास आमच्या गल्लीत घंटागाडी येते. टपावरच्या कर्ण्यातून ओला कचरा-सुका कचरा सांगणारं एक गाणं वाजत असतं. गाडी चार मिनिटांत कोपऱ्यावरून वळते, गाणं वळत नाही. ते माझ्याबरोबर आंघोळीला येतं, डबा भरतं, बसमध्ये खिडकीची जागा पकडतं आणि दुपारी शेजारच्या टेबलावरून "मॅडम, काय गुणगुणताय?" असं कुणी विचारेपर्यंत मला त्याचा पत्ताही नसतो.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्र शिकलेली नाही. पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवते आणि दिवसा हिशेबाची नोकरी करते. पेटीवाली म्हणून मंडळातल्या बायका आणि ऑफिसातली मंडळी हे प्रश्न मलाच विचारतात. उत्तरं शोधता शोधता बरंच वाचून झालं. ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे तोंडाची वाफ वाचेल.

याला नाव काय आहे?

जर्मन भाषेत 'ओरवुर्म', म्हणजे कानातला किडा. त्यावरून इंग्रजीत 'इअरवर्म' आलं. गंमत अशी की जर्मनीत याच नावाचा एक खराखुरा किडा आहे, शेपटीला चिमटा असलेला. तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो असा तिकडे जुना समज. आपल्याकडे हा मान गोमेला मिळालेला आहे. संशोधक मंडळी त्याला 'अनैच्छिक सांगीतिक प्रतिमा' अशा अर्थाचं लांबलचक नाव देतात.

मराठीत त्याला नाम नाही, पण क्रियापदं काय कमी आहेत? गाणं डोक्यात बसतं, तोंडात बसतं, मनात घोळतं, पिंगा घालतं आणि अगदीच वैताग आणला की डोक्याला भुंगा लागतो. किड्यापेक्षा मला हा भुंगाच पटतो. निदान गुणगुणतो तरी.

हे सगळ्यांना होतं की मलाच?

जवळजवळ सगळ्यांना. फिनलंडमध्ये बारा हजारांहून जास्त लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ९० टक्के लोकांनी आठवड्यातून एकदा तरी होतं असं सांगितलं. बाकीच्या दहा टक्क्यांचा मला हेवा वाटतो.

गाणं बंद असताना ते 'ऐकू' कसं येतं?

कानाला काहीच येत नसतं, पण मेंदूतला ऐकण्याचा भाग जागा असतो. २००५ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात एक प्रयोग झाला. लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून ओळखीची आणि अनोळखी गाणी ऐकवली आणि मधे मधे काही सेकंद आवाज तोडला. गाणं ओळखीचं असेल तर त्या शांततेतही मेंदूचा श्रवणाचा भाग काम करत राहिला. ऐकणारे म्हणाले, गाणं आम्हाला चालूच वाटलं. अनोळखी गाण्याच्या वेळी असं झालं नाही.

दुसरा भाग आतल्या आवाजाचा. बँकेचा सहा आकडी ओटीपी आला की मोबाइलवरून संगणकाकडे मान वळवेपर्यंत आपण तो आतल्या आत पुटपुटत राहतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली स्मृतीचा जो आराखडा मांडला, त्यात या पुटपुटण्याला स्वतंत्र जागा आहे. साधारण दोन सेकंदांत म्हणून होईल एवढाच ऐवज त्यात मावतो आणि तो टिकवायचा तर पुन्हा पुन्हा म्हणावा लागतो. ओटीपी टाकून झाला की आपण पुटपुटणं थांबवतो. गाणं कुठे टाकायचं असतं? ते फिरतच राहतं.

सबंध गाणं का येत नाही? तीच एक ओळ का?

मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

अडकलेला तुकडा बहुतेक वेळा पंधरा ते तीस सेकंदांचा असतो आणि तो बहुतेक वेळा मुखडाच असतो. आपल्या गाण्याची बांधणीच अशी की प्रत्येक अंतरा फिरून मुखड्यावर येतो. अभंग म्हटला तर दर चरणानंतर ध्रुवपद. तीन कडव्यांच्या गाण्यात मुखडा सहज सात-आठ वेळा होतो आणि दुसरा अंतरा एकदाच. डोक्यात काय पक्कं बसणार हे उघड आहे.

पण नुसत्या वारंवारतेने भागत नाही. स्वतःवर लक्ष ठेवून बघा. गाणं फिरत असतं तेव्हा आपण मुखडा पुरा करतो, अंतऱ्याची पहिली ओळ येते, अर्धी होते, पुढचे शब्द धूसर होतात आणि मन गुपचूप मागे वळून मुखड्याला लागतं. रात्री अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी आहे की नाही हे कळत नसलं की पाय परत वर येतो, तसं. गाणं संपलेलं नसतं. ते समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, न येता हवेत राहिलेलं असतं.

अपुरं काम मनाला टोचत राहतं, हा विचार ब्लूमा झायगार्निक या बाईंचा. बर्लिनमध्ये शिकताना, १९२७ साली त्यांनी दाखवलं की मधेच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. सुरुवात म्हणे हॉटेलातल्या वेटरवरून झाली. बिल चुकतं होईपर्यंत त्याला सगळी ऑर्डर तोंडपाठ, पैसे मिळाले की पाटी कोरी. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण गाण्याच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव झायगार्निकबाईंच्या बाजूने आहे. ज्या अभंगांचे सगळे चरण मला पाठ आहेत, ते डोक्यात आले तरी चार घटका बसून उठून जातात. जाहिरातीचं किंवा सिनेमातलं अर्धवट माहीत असलेलं गाणं मुक्काम ठोकतं.

कोणत्या प्रकारची गाणी जास्त चिकटतात?

इंग्लंडमध्ये केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन हजार लोकांकडून त्यांनी अडकणाऱ्या गाण्यांची नावं गोळा केली आणि तेवढीच गाजलेली, पण कुणीच नाव न घेतलेली गाणी शेजारी ठेवून तुलना केली. अडकणारी गाणी थोडी जलद लयीची निघाली. चालीचा एकूण चढउतार ओळखीचा, बडबडगीतासारखा होता, म्हणजे पहिल्या ओळीत स्वर वर जातो आणि दुसरीत खाली उतरतो. आणि या ओळखीच्या वाटेवर मधेच एखादी अनपेक्षित उडी किंवा एकाच स्वराची सलग ठोकणी होती. वाट माहितीची, पण एक दगड निघालेला. त्याच दगडाला रोज ठेच लागते.

हा अभ्यास पाश्चात्त्य पॉप गाण्यांवरचा आहे, त्यामुळे आपल्या भावगीतांना जसाच्या तसा लावू नये. जाहिरातवाल्यांना मात्र हे गणित कुठल्याही अभ्यासाआधी कळलेलं होतं. विविध भारतीवर १९६७ साली जाहिराती सुरू झाल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. म्हणजे आकाशवाणीवरच्या जाहिरातींच्या चालींचा पहिला मारा आपल्याच आयाआज्यांच्या कानांवर झाला. आमची आई अजून देवपूजा करताना कधीकधी कुठल्याशा जुन्या साबणाची ओळ म्हणते. मग जीभ चावते आणि घंटा जरा जोरात वाजवते.

आवडीचं गाणं कधीच अडकत नाही. नावडतंच का अडकतं?

तसं वाटतं, पण तसं नसतं. लोकांनी रोजनिशीत नोंदी ठेवल्या तेव्हा अडकलेली बहुतेक गाणी त्यांना आवडणारी किंवा निदान चालणारी निघाली. आवडतं गाणं घोळत असेल तर आपण त्याला अडकणं म्हणत नाही, 'आज मूड छान आहे' म्हणतो. तक्रार फक्त नावडत्याची होते. सासरच्या माणसांसारखंच आहे हे.

आणि फालतू चालीत शहाणीसुरती माणसं कशी काय अडकतात, असं विचारणाऱ्यांना ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातला भ्रमर आठवावा. कसलंही कोरडं लाकूड पोखरून बाहेर पडणारा भुंगा कोवळ्या कळीत सापडतो. माउलींनी तो दृष्टांत अर्जुनाच्या मोहासाठी दिला आहे. मी तो मार्चअखेरच्या ताळेबंदासाठी वापरते. पाच पैशांचा फरक शोधून काढणारे आमचे साहेब लग्नाच्या बँडच्या एका तुकड्यापुढे हात टेकतात.

भांडी घासताना, चालताना, आंघोळ करतानाच का येतं?

हात गुंतलेले आणि डोकं रिकामं, म्हणून. अमेरिकेतल्या वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन आणि मंडळींनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना गाणी ऐकवून मग सुडोकूसारखी कोडी सोडवायला दिली. कोडं फार सोपं असलं की गाणं परत यायचं, हे अपेक्षित होतं. पण कोडं फार अवघड असलं तरीही यायचं. डोकं हात टेकतं, भटकायला निघतं आणि गाणं दारातच उभं असतं. मन पुरतं गुंतवणारं, पण झेपणारं काम असलं की त्याला आत यायला जागा मिळत नाही.

हे वाचलं तेव्हा मला जातं आठवलं. पहाटे अंधारात दोन तास एकाच लयीत खुंटा ओढायचा, हात बांधलेले, मन मोकळं. तिथे चाल घोळणारच. पण आपल्या बायकांनी त्या घोळणाऱ्या चालीला नुसतं फिरू दिलं नाही. तिच्यावर स्वतःचे शब्द चढवले. माहेर, भाऊ, सासुरवास, विठ्ठल, नंतर तर आंबेडकरसुद्धा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी गावोगाव फिरून गोळा करवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. चाली मोजक्याच, ओव्या लाखभर. डोक्यात फिरणाऱ्या चालीचा याहून चांगला उपयोग मी तरी ऐकलेला नाही. घरघंटी आली, चक्कीवर दळण जायला लागलं आणि चाल राहिली मोकळीच. आता तिच्यावर कचऱ्याचं गाणं येऊन बसतं.

आज ते गाणं कुठेच ऐकलं नाही, तरी कसं आलं?

काहीतरी टोचलेलं असतं. एखादा शब्द, वास, जागा, कधी नुसता ठेका. मिक्सरची घरघर, पंख्याचा कटकट आवाज किंवा गाडीच्या वायपरची लय एवढंही पुरतं. ब्रिटनमध्ये रेडिओच्या श्रोत्यांकडून अशा शेकडो हकिकती जमवल्या तेव्हा सर्वांत मोठं कारण अर्थातच 'नुकतंच ऐकलं' आणि 'फार वेळा ऐकलं' हे निघालं. पण त्यानंतर आठवणींची साखळी, मनःस्थिती आणि भटकणारं लक्ष यांचा नंबर होता.

आमच्या ऑफिसात एकदा 'चांदणे' आडनावाच्या खातेदाराची फाईल दिवसभर टेबलाटेबलावर फिरली. संध्याकाळी पाच वाजता चार वेगवेगळी माणसं चांदण्यावरची चार वेगवेगळी गाणी गुणगुणत होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

हे एकाचं दुसऱ्याला लागतं का?

लागतं. सर्दीपेक्षा लवकर लागतं, आणि मास्कचाही उपयोग नाही.

मार्क ट्वेन यांनी १८७६ साली यावर एक धमाल गोष्ट लिहिली आहे. ट्रामचा कंडक्टर तिकिटाला भोक पाडतो, एवढ्याच विषयावरचं एक फालतू यमक लेखकाच्या डोक्यात शिरतं आणि त्याचं खाणंपिणं, लिहिणं सगळं बंद पाडतं. शेवटी तो ते एका धर्मोपदेशक मित्राला ऐकवतो, आणि सुटतो. आता मित्राचे हाल सुरू. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरचा चिमटा ज्यांनी ऐकलाय, गर्दीत वाट काढताना रिकाम्या हाताने दांडीवर वाजवलेला, टक्-टक्, टक्-टक्-टक्, त्यांना त्या यमकाचा ठेका मूळ न वाचताही कळेल.

दुसऱ्याला देऊन मोकळं होता येतं याला आधार काही नाही. आमच्या घरात तर ते मला, मग मुलीला, मग आईला लागतं आणि रात्री जेवताना पुन्हा माझ्याकडे येतं.

डोक्यातलं गाणं सुरात असतं का? मी तर बेसुरी आहे.

बाहेर बेसुरी असाल, आत नसाल. हे मला फार आवडलेलं संशोधन आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रुझ शाखेत ३० लोकांना दिवसातून अनेकदा मोबाइलवर विचारलं, आत्ता डोक्यात गाणं आहे का? असेल तर गाऊन रेकॉर्ड करा. २०२४ साली निष्कर्ष आले. सुमारे ४५ टक्के रेकॉर्डिंग मूळ गाण्याच्या पट्टीत अगदी बरोबर होती आणि जवळपास ६९ टक्के अर्ध्या स्वराच्या आत. ही काही गवई मंडळी नव्हती. लयीचंही तसंच, डोक्यातलं गाणं मूळ लयीच्या बरंच जवळ चालतं, असं दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं होतं.

मी हे मंडळात करून पाहिलं. गुरुवारी सगळ्या जमायच्या आत एकेकीला विचारलं, डोक्यात काय चाललंय ते नुसतं हुंकारा, मी पेटीवर पकडते. एरवी ज्या बाईंना काळी चारचा सा दिला तरी त्या पांढरी पाचला लागतात, त्यांनी एका जुन्या सिनेमाच्या गाण्याची ओळ हुंकारली. मी बोट टाकलं, घरी जाऊन मूळ गाणं लावलं, तर तीच पट्टी. पुढच्या गुरुवारी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग गाताना जातं कुठे ते?" याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण मंडळात राहायचंय म्हणून दिलं नाही.

शब्द चुकीचे अडकलेत. दुरुस्त होतील का?

लहानपणी बसलेले असतील तर अवघड आहे. गणपतीच्या आरतीत 'संकटी'चं 'संकष्टी' आणि 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' पिढ्यान् पिढ्या चालू आहे. चाल पक्की असते, शब्द नुसते तिच्या मापात बसले की मेंदूचं समाधान होतं. छापील आरती समोर ठेवून दहा दिवस म्हणा, अकराव्या दिवशी फळी परत येईल.

बरं, घालवायचं कसं?

पहिलं म्हणजे ढकलू नका. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करायचा नाही, आणि आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली. माकडाची आठवण न काढता औषध घ्यायची आपली गोष्ट तीच आहे. गाण्याशी झटापट करणाऱ्यांचं गाणं जास्त वेळ टिकतं, असं इंग्लंडमधल्या पाहणीतही दिसलं.

त्यापेक्षा पूर्ण करा. मोबाइलवर ते गाणं लावा आणि पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत ऐका. दुसरं काम न करता, नीट कान देऊन, अंतऱ्याचे शब्द समजून घेत. मुखडा आला की बंद करायचं नाही, मुखड्यातच तर आपण अडकलोय. ज्या ओळीवर तुमचं गाणं रोज अडखळतं ती ओळ सापडली की मला दर वेळी हसू येतं. अरे, हे होतं होय! बहुतेकदा तिथेच सुटतं. क्वचित आणखी घट्ट बसतं, तेव्हा पुढचं वाचा.

तोंडाला काम द्या. रेडिंग विद्यापीठात २०१५ साली दाखवलं की चिकट गाणं ऐकवल्यावर च्युइंगम चघळणाऱ्यांच्या डोक्यात ते कमी वेळा आलं. नुसती बोटं वाजवून तेवढा फायदा झाला नाही. आतलं पुटपुटणं जबड्याच्या आणि जिभेच्या मदतीने चालतं, ती मदत काढून घेतली की गाणं पांगळं होतं, असा विचार त्यामागे आहे. मला च्युइंगम सोसत नाही. मी बसमध्ये फुटाणे खाते. फुटाण्यांवर प्रयोग झालेला नाही, पण फुटाणे खाताना गाणं चालू ठेवून दाखवा. तंबाखू-सुपारीला मात्र हे निमित्त करू नका.

डोक्याला झेपेल एवढं अवघड काम द्या. शब्दकोडं चालेल, चांगलं पुस्तक चालेल. माझ्याकडे हिशेब आहेत, सतराचा पाढा उलटा म्हटला तरी पुरतो. एकोणतिसाचा म्हणायला जाऊ नका, तो तिसऱ्या ओळीला सोडून द्याल आणि गाणं परत येईल.

आणि एक माझा स्वतःचा घरगुती उपाय. शास्त्राचा आधार मागू नका. गाण्याला तिहाई द्या. मैफलीत तबलजी एक तुकडा तीनदा वाजवून नेमका समेवर येतो आणि सगळ्यांच्या माना एकदम हलतात, ते. हा थांबा कानाला कळतो, त्याला संगीत शिकलेलं असावं लागत नाही. बहुतेक गाणी केरवा नावाच्या आठ मात्रांच्या तालात असतात. मुखडा संपून पुन्हा सुरू होतो त्या पहिल्या मात्रेपासून मांडीवर, मात्रेला एक अक्षर या हिशेबाने, 'ति-ट-धा, ति-ट-धा, ति-ट-धा' म्हणत ठोका. नऊ अक्षरं होतात, म्हणजे शेवटचा 'धा' बरोबर पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. तिथे हात उचलायचा आणि श्वास सोडायचा. गाणं संपल्याची मोहोर उमटते. माझं दहापैकी सहा वेळा थांबतं. बसमध्ये केलंत तर शेजारचा माणूस सरकून बसतो, हा वरचा फायदा.

रात्री झोपताना सुरू झालं तर?

झोपायच्या आधी तासभर गाणी बंद ठेवा. मायकेल स्कलिन यांच्या बेलर विद्यापीठातल्या प्रयोगात, २०२१ सालच्या, झोपण्यापूर्वी गाणी ऐकलेल्यांपैकी ज्यांच्या डोक्यात ती अडकली त्यांना झोप उशिरा लागली आणि रात्री जागही आली. आश्चर्य असं की शब्द काढून टाकलेली, नुसती वाद्यांवरची गाणी जास्त अडकली. शांत झोपेसाठी म्हणून बासरी लावून झोपणाऱ्यांनी, गाणं ओळखीचं असेल तर, जरा विचार करावा. शब्द नसले की मेंदू ते भरत बसत असेल.

एकादशीच्या जागरानंतर आम्हा सगळ्यांची हीच गत होते. पहाटे अंग टेकलं की कानात टाळ. त्यावर इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला नकोही असतो.

याचा काही उपयोग आहे का?

आहे. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लोकांना नवीन चाली ऐकवल्या आणि मग त्याच चाली छोट्या चित्रफितींच्या मागे लावल्या. नंतर ज्यांच्या डोक्यात चाल आपोआप जास्त घोळली, त्यांना त्या चित्रफितींतले तपशील जास्त चांगले आठवले. चाल फिरते तेव्हा तिला बांधलेली आठवणही उजळणीला निघते. पाढे सुरात म्हणवून घेणाऱ्या गुरुजींना आणि जटा-घनपाठात शब्द पुढेमागे फिरवून वेद मुखोद्गत ठेवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना हा त्रास जास्त असतो का?

हो. रोज संगीतात असणाऱ्यांना जास्त वेळा होतं. आम्ही त्याला रियाज म्हणतो आणि घरचे त्याला लक्ष नसणं म्हणतात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नये. डोक्यात गाणं फिरतंय हे तुम्हाला कळतंय, तोवर काळजी नाही. पण गाणं बाहेरून, भिंतीपलीकडून किंवा शेजारच्या घरातून खरोखर वाजतंय असं वाटत असेल आणि शोधल्यावर तिथे काहीच नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. ऐकू कमी येऊ लागलेल्या वयस्कर माणसांत हे होतं. त्याचा अर्थ वेड लागलं असा मुळीच नाही. पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. कधीकधी नुसत्या श्रवणयंत्रानेही फरक पडतो. कानात सतत शिट्टी किंवा गुंई असा आवाज हाही वेगळा प्रकार, तोही कानाच्याच डॉक्टरांचा.

गाणं आठवडेच्या आठवडे थांबत नसेल, झोप-काम-जेवण बिघडवत असेल, ते थांबवण्यासाठी काही कृती ठरावीक वेळा कराव्याच लागतात असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मंत्रचळात असं होऊ शकतं आणि त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, औषधं आहेत. कुठे जायचं सुचत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानसचा क्रमांक आहे, फोनला पैसे पडत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने "गाणं कुठे लागलंय?" असं चार-चारदा विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका, एवढं माझं ऐका.

घंटागाडीचं गाणं बदलून मिळतं का?

मिळतं. गल्लीतल्या बावीस जणांच्या सह्या घेऊन आम्ही अर्ज दिला होता. तीन महिने काही झालं नाही, चौथ्या महिन्यात एका सोमवारी गाडी आली ती नवीन गाणं वाजवत. मी गॅलरीत उभी राहून टाळ्या वाजवल्या. मग सवयीने कान गेला. जलद केरवा, पहिल्या ओळीत स्वर वर, दुसरीत खाली, आणि 'कचरा'च्या 'रा'वर सरळ पंचमाला उडी. जुनं बरं होतं, त्याचा निदान अंतरा तरी आम्हाला पाठ झाला होता.